दादांची शेवटची थाप

ताई सकाळपासून एका जागी बसल्या नव्हत्या. स्वयंपाकघरात जायच्या, गॅसचं बटण बंद आहे ना ते बघायच्या, बाहेर येऊन टेबलावरचं पुस्तक उघडायच्या, अर्धं पान वाचायच्या आणि पुस्तक तसंच पालथं टाकून गॅलरीकडे निघायच्या. पालथं पडून पडून पुस्तकाची शिवण उसवत आली होती. एरवी एखाद्या मुलाने असं केलं असतं, तर ताईंनी त्याला शेजारी बसवून खुणेसाठी कागदाची पट्टी कशी करायची ते शिकवलं असतं.

"वन्सं, पायाला भिंगरी लावलीय का कुणी?" उशीच्या अभ्र्याला टाके घालता घालता वहिनी म्हणाल्या. "फिरता तुम्ही आणि गरगरतं मला."

"बसून सापडणार आहे का ती?"

"फिरून तरी कुठे सापडली?"

ताई पुन्हा गॅलरीकडे निघाल्या. सोमवारी त्यांना कोर्टात साक्षीला उभं राहायचं होतं, आणि जे सांगायला उभं राहायचं, तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

हरवलेली वस्तू म्हणजे एक थाप होती.

ताई शाळेत शिकवायच्या आणि मुलांसाठी पुस्तकं लिहायच्या. झाडांची, किड्यांची, पाण्याची, चांदण्यांची. चित्रं दादांची, म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाची, वहिनींच्या नवऱ्याची. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट असायची: 'या पुस्तकात एक थाप आहे. ती शोधा. कुणाला विचारू नका, बघून शोधा. सापडली की कळवा.' ज्याला सापडायची त्याला दादा स्वतःच्या हाताने चित्र काढून पोस्टकार्ड पाठवायचे. छापलेलं सगळं खरं असतं असं मानून वाचू नये, एवढंच त्या दोघांना मुलांना शिकवायचं होतं. त्याचा खेळ झाला आणि पुस्तकं त्या खेळासाठीच वाचली जाऊ लागली.

थाप घालायचं काम दादांचं. ताईंनी मजकूर लिहून द्यायचा. चित्रं काढता काढता दादा त्यातलं एखादं वाक्य गुपचूप बदलायचे आणि कागद परस्पर छापखान्यात पाठवायचे. छापलेली प्रत हातात आली की ताईंनीही मुलांसारखीच ती शोधायची. दादांचा स्वतःपुरता एक नियम होता. तोंडाने थाप मारावी, हाताने मारू नये. म्हणजे वाक्य खोटं असलं तरी त्याच पानावरचं चित्र खरं असायचं. गोगलगायीच्या पुस्तकात त्यांनी तिची शिंगं खिळ्यासारखी टणक करून टाकली होती, आणि शेजारच्या चित्रात बोट लागताच तेच शिंग मोज्याच्या टोकासारखं आत वळलेलं होतं. चित्राकडे नीट बघणाऱ्या मुलाला थाप सापडायचीच.

ते गोगलगायीचं शिंग लहानपणी जिला सापडलं होतं, ती मुलगी पुढे वकील झाली. पोस्टकार्ड तिने जपून ठेवलं होतं. याच वर्षी एक दिवस ती ताईंचं घर शोधत आली. चहा होईपर्यंत ती शहाण्यासारखी बसली आणि मग फोन काढून म्हणाली, "ताई, हे ऐका."

फोनवर एआयचं एक यंत्र होतं. काहीही विचारा, ते उत्तर देत होतं, गोष्टी लिहीत होतं, मुलांचा गृहपाठ करून देत होतं. वकिलीणबाईंनी त्याला गोगलगायीबद्दल विचारलं. यंत्राने अगदी ठामपणे सांगितलं की तिची शिंगं टणक असतात.

ताई आधी हसल्या. मग हातातला कप खाली ठेवून उठल्या, आणि त्या उठल्या त्या तेव्हापासून बसल्याच नाहीत असं वहिनी म्हणत.

वकिलीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. असली यंत्रं बोलायला शिकावीत म्हणून त्यांना हजारो पुस्तकं भरवतात. ज्यांची पुस्तकं, त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून जागोजागी लेखक कोर्टात गेले होते, आणि मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या वतीने ती स्वतः कॉपीराइटचा दावा लावणार होती. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं होतं की आम्ही तुमची पुस्तकं वापरलेलीच नाहीत. मुंगीला सहा पाय असतात हे काय तुम्ही शोधून काढलंत? ही माहिती जगभर पडलेली आहे, यंत्राने ती कुठूनही उचलली असेल.

"खरं सगळ्यांचं असतं, ताई," ती म्हणाली होती. "थाप मात्र ज्याची त्याची."

हे वाक्य ताईंना फार आवडलं. दादा असते तर त्यांनी ते भिंतीवर रंगवलं असतं.

पण पहिल्याच तारखेला कंपनीच्या वकिलांनी हा फासा उलटा टाकला. या बहीणभावाची पुस्तकं वाचून मोठी झालेली मुलं आता बापे आणि बायका झाली होती, आणि त्यांनी हौसेने इंटरनेटवर एक पान बनवलं होतं. त्यावर एकूण एक पुस्तकातली एकूण एक थाप लिहिलेली. यंत्राने ती तिथून उचलली नाही कशावरून? न्यायाधीशांनी मान डोलावली.

त्या पानावर फक्त एका पुस्तकापुढची जागा रिकामी होती. 'खिडकीबाहेरची मंडळी'. दादांचं शेवटचं पुस्तक. त्यातली थाप कुणालाच सापडली नव्हती. मुलांना नाही, मोठ्यांना नाही, ताईंनाही नाही. म्हणजे ती जगात दुसरीकडे कुठेही असण्याचं कारण नव्हतं. यंत्र जर ती बोललं, तर ते पुस्तक वाचल्याशिवाय बोललेलं नाही, हे उघड होतं. आता सगळा दावा त्या एका थापेवर आला होता. ती कोणती, एवढं ताईंनी शपथेवर सांगायचं होतं.

दादांना विचारायची सोय नव्हती. पुस्तक छापून आलं तेव्हा ते दवाखान्यात होते आणि तिथून परतले नाहीत. ताई रोज संध्याकाळी प्रत घेऊन त्यांच्या उशाशी बसायच्या. "सापडली का?" ते विचारायचे. ताई मान हलवायच्या, तसे ते हसायचे आणि हसता हसता खोकायचे. ताई चिडून म्हणाल्या होत्या की आता सांगून टाक, नाहीतर मी वहिनींना तुझी नक्कल करायला सांगेन. त्यावर दादा म्हणाले होते, "बघत राहा."

हेच त्यांचं शेवटचं धड बोलणं. त्यानंतर नुसती नळ्यांची घरघर.

ताईंनी आपला मूळ मजकूर वकिलीणबाईंच्या हवाली केला होता. तिच्या ऑफिसातल्या संगणकाच्या जाणकाराने तो छापील पुस्तकाशी ताडून पाहिला. एका शब्दाचाही फरक निघाला नाही. दादांनी काहीच बदललं नव्हतं.

वकिलीणबाईंनी हे फोनवर सांगितलं, तेही आडवळणाने. आजारपणात राहून गेलं असेल. हाताला कंप होता म्हणता ना तुम्ही. नसेल जमलं. चौकट मात्र नेहमीची म्हणून छापली गेली असेल.

ताईंनी फोन बंद केला आणि तो हातातच धरून उभ्या राहिल्या. दावा हरला तर हरला, असं त्या आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण हे निराळं होतं. दादा थाप न मारता गेला, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. म्हणजे ते हसणं नुसतं वरवरचं? बहिणीला वाईट वाटू नये म्हणून केलेलं सोंग?

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी वहिनींना विचारलं.

वहिनींनी दोरा दाताने तोडला. "वन्सं, पुस्तकात एक मारायचे, घरात दहा. तो माणूस थाप मारायची विसरेल? जेवायचं विसरेल एक वेळ."

तेव्हापासून ताई पुस्तकातलं वाक्यन् वाक्य तपासत होत्या. कुणाला विचारायचं नाही, बघायचं, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला. शिवाय विचारणार तरी कुणाला? त्या पुस्तकातलं पुष्कळसं त्या दोघांनी याच गॅलरीत बसून टिपलेलं होतं. मुंग्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं की त्या थबकतात, रस्ता पुसल्यासारख्या भांबावतात, हे त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर करून पाहिलं. बरोबर निघालं. पाल जिभेने स्वतःचे डोळे पुसते, हे बघायला त्या दिव्याखाली स्टुलावर चढून उभ्या राहिल्या. वहिनींनी आधी स्टूल धरलं, मग पालीने मान वळवली तसं सोडून दिलं. तेही बरोबर निघालं. चिमण्या धुळीत अंघोळ करण्याआधी पायाने खळगा करतात, हे पाहायला त्या समोरच्या बांधकामावर जाऊन आल्या. रखवालदाराने विचारलं, आजी, कुणाला शोधताय? ताई म्हणाल्या, चिमणीला. त्याने बसायला रिकामा डबा उपडा करून दिला.

सगळं खरं निघत होतं. ताईंनी आयुष्यभर जे खरं लिहिलं होतं, ते खरं निघालं की त्यांचा जीव खालीवर होत होता.

शुक्रवारी वकिलीणबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. काचेचं दार, फायलींच्या चळती, कोपऱ्यात गुरगुरणारं पाण्याचं मशीन. ताईंना चाकांची खुर्ची दिली होती. ती मागे मागे सरकत होती आणि ताई पुढे पुढे येत होत्या. जाणकाराने पडदा त्यांच्याकडे वळवला. तो म्हणाला, पुस्तकातली सगळी माहिती आपण यंत्राला एकेक करून विचारू, तुम्ही ऐका, कुठे खटकतं का बघा.

यंत्र सांगत गेलं. मुंग्या, पाल, चिमण्या, कोळ्याचं जाळं, खारीची शेपटी. ताईंच्या वाक्यात नाही, पण सगळं बिनचूक. कावळ्याबद्दलही त्याने सांगितलं: ज्या पाण्यात तो अंघोळ करतो ते पाणी तो पीत नाही, कारण तो स्वच्छतेच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. ताईंनी मान डोलावली. हे तर त्यांना अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत होतं. लहान असताना त्या अंघोळीच्या टबातलं पाणी ओंजळीने प्यायच्या. आई रागावून थकली होती. दादांनी एकदाच सांगितलं की वेडे, कावळासुद्धा आपल्या अंघोळीचं पाणी पीत नाही. त्या दिवसापासून ती सवय सुटली. पुढे शाळेत कितीतरी वर्गांना ताईंनी हेच सांगितलं होतं, आणि शेवटच्या पुस्तकात दादा म्हणाले होते, "ते कावळ्याचं घाल ना, तुला तर पाठच आहे," म्हणून तेही घातलं होतं.

यंत्राचं बोलणं ऐकून ताईंना आपल्या वर्गातला एक मुलगा आठवला. धडा घडाघडा म्हणायचा. मध्येच 'पान उलटा' असं छापलेलं असलं, तर तेही म्हणायचा.

"त्यालाच विचारा," ताई एकदम म्हणाल्या. "म्हणावं, यातली थाप कोणती?"

नियम मोडला होता, हे त्यांना कळत होतं. पण सोमवार जवळ आला होता. जाणकाराने विचारलं. यंत्राने क्षणभर थांबून अगदी अदबीने सांगितलं की कबुतराचं वाक्य चुकीचं असावं. पुस्तकात लिहिलं होतं की बाकीची बहुतेक पाखरं चोचीत पाणी घेऊन मान वर करतात आणि मग गिळतात, कबुतर मात्र चोच बुडवून तसंच ओढून पितं. यंत्राचं म्हणणं, पक्ष्यांना असं ओढून पिता येत नाही.

वकिलीणबाई उठून उभी राहिली. "हीच असेल, ताई."

जाणकार म्हणाला, पण मग यंत्राने थाप खरी मानलेली नाही, खोटी मानलीय. आपल्या काय कामाची? ती पुन्हा बसली.

"बघून सांगते," ताई म्हणाल्या आणि छत्री विसरून निघाल्या.

शनिवारी सकाळी त्यांनी पिठाची जुनी परात गॅलरीच्या कठड्यालगत ठेवली, पाण्याने भरली आणि दाराच्या आत खुर्ची टाकून बसल्या. बसल्या म्हणजे काय, खुर्चीच्या कडेला टेकल्या. हात सारखे पदराच्या टोकाशी. वहिनी म्हणाल्या की परात माझी आहे, आणि पाखरं येऊन घाण करणार ती धुवायची मी.

कबुतरं लगेच आली. ती तिथलीच होती. एकाने चोच पाण्यात खुपसली आणि मान वर न करता गटगट ओढून घेतलं. गळा हलताना दिसला. दुसऱ्याने तसंच. यंत्राला न पाहता जे खोटं वाटलं होतं, ते खरं होतं.

ताईंनी वकिलीणबाईंना फोन करून सांगितलं. ती म्हणाली की हरकत नाही, तुम्ही जेवून घ्या. हरकत नाही हे शब्द इतके दमलेले ताईंनी कधी ऐकले नव्हते. लहानपणी गोगलगायीला बोट लावून बघणारी मुलगी होती ती.

दुपारी त्यांनी जेवणात मीठ घातलं नाही. वहिनींनी वरून घेतलं. ताई पुन्हा दाराशी येऊन उभ्या राहिल्या. वाक्यं संपली होती. तपासायचं काही उरलं नव्हतं. परात उचलून आत आणावी म्हणून त्यांनी पाऊल टाकलं, तेवढ्यात कठड्यावर कावळा उतरला.

वहिनी सवयीने हातवारे करत पुढे आल्या, कारण दोरीवर धुतलेल्या चादरी होत्या. "थांबा," ताई हळूच म्हणाल्या. का थांबवलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

कावळ्याने परातीभोवती एक फेरी मारली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पाण्यात शिरला, छाती बुडवली, पंख फडफडवले. पाणी चादरींवर उडालं आणि वहिनींनी कपाळाला हात लावला. पाणी गढूळलं, त्यावर एक बारीक पीस तरंगायला लागलं. कावळा भिजून लहान झाला होता. तो तिथेच, त्याच पाण्यात उभा राहिला. वाकला. चोच बुडवली. आणि मान वर करून, चोच मिटून, घोट गिळला.

पुन्हा वाकला. पुन्हा गिळला.

ताई हलल्या नाहीत. सकाळपासूनची, गेल्या कितीतरी दिवसांची ती तगमग एका जागी खिळल्यासारखी झाली. कावळा उडून गेला, तेव्हा त्या आत आल्या आणि पालथं पुस्तक उचलून त्यांनी कावळ्याचं पान काढलं. हे पान त्यांनी तपासलंच नव्हतं. कशाला तपासतील? ते त्यांचं स्वतःचं वाक्य होतं.

चित्र लहान होतं, दादांच्या थरथरत्या हाताचं. पाण्यात पाय बुडालेला कावळा. पिसं ओली, जागोजागी चिकटलेली. मान वर. एवढी वर्षं सगळ्यांना वाटत आलं होतं की तो ओरडतोय. ताईंनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेलं.

चोच मिटलेली होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या. "त्याने काहीच बदललं नव्हतं. बदलायची गरजच नव्हती. थाप मीच लिहून दिली होती."

वहिनींना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. टबातलं पाणी, आईचं रागावणं, दादांचं ते वाक्य. सांगता सांगता ताई हसत होत्या आणि नाकही पुसत होत्या. चार वर्षांच्या बहिणीला मारलेली थाप त्याने मरेपर्यंत पोटात ठेवली होती, आणि जाताना तिच्याच हाताने छापून घेतली होती. वर विचारत होता, सापडली का.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं? आणि मला म्हणायचा, मी तुझ्याशी कधी खोटं बोलत नाही." मग त्या गॅलरीत जाऊन चादरी पुन्हा पिळायला लागल्या आणि पुष्कळ वेळ पिळत राहिल्या.

ज्याला थाप सापडते त्याला पोस्टकार्ड येतं. ताईंच्या मनात हे येऊन गेलं, आणि त्या पुन्हा उठून गॅसचं बटण बघायला गेल्या.

सोमवारी कोर्टात पंखा आवाज करत होता. ताईंनी शपथ घेतली आणि वाक्य सांगितलं. वकिलीणबाईंनी यंत्राचं उत्तर वाचून दाखवलं. जाणकाराने सांगितलं की असं विधान दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात किंवा इंटरनेटवर त्याला सापडलेलं नाही.

कंपनीचे वकील सौम्य स्वभावाचे होते. ते म्हणाले, आजीबाई, तुम्ही स्वतःच सांगता की तुम्हाला हे आयुष्यभर खरं वाटत होतं. तुमच्या भावालाही खरं वाटत नसेल कशावरून? मग ही थाप कसली, ही साधी चूक. आणि चूक कुणाचीही होते, माणसाची काय आणि यंत्राची काय. यंत्राने ती आपली आपण केली असेल.

ताईंना उत्तर येत होतं. ते देऊन मोकळं व्हावं असं वाटत होतं. पण वर्गात इतकी वर्षं उभं राहून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. उत्तर हातावर ठेवलं की ते हातातच राहतं.

"साहेब, चित्र बघा," त्या न्यायाधीशांना म्हणाल्या.

पुस्तक वर गेलं. न्यायाधीशांनी पाहिलं. "कावळा ओरडतोय."

"कशाने?"

कंपनीच्या वकिलांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. न्यायाधीशांनी हाताने थांबवलं. त्यांनी पान खिडकीच्या उजेडाकडे तिरपं केलं, चष्मा कपाळावर सारला आणि नाक जवळजवळ कागदाला लावलं. पंखा फिरत राहिला. टंकलेखनिकाची बोटं थांबली होती.

"चोच मिटलीय," न्यायाधीश म्हणाले.

"हो."

"मग मान वर कशाला करेल?"

वकिलीणबाईंना राहवेना, ती पुढे झुकली, तसं ताईंनी तिच्याकडे बघून किंचित मान हलवली. थांब. त्याला शोधू दे.

न्यायाधीशांनी दोन-तीन पानं मागे उलटली, पुन्हा पुढे आले, पुन्हा मागे गेले. कबुतराच्या पानावर थांबले. ओठ हलवत वाचलं. मग हळूच परत कावळ्यावर आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं जे ताईंनी हजारदा पाहिलं होतं, बाकांच्या शेवटच्या रांगेतसुद्धा.

"तो पाणी पितोय," ते म्हणाले. "अंघोळीचंच. काढणाऱ्याला माहीत होतं." मग भानावर येऊन त्यांनी चष्मा नीट केला आणि टंकलेखनिकाला म्हणाले, "लिहून घ्या."

कंपनीच्या वकिलांनी पुस्तक मागून घेतलं. तेही बराच वेळ चित्राकडे बघत होते.

निकाल काही लगेच लागला नाही. पुढची तारीख पडली. बाहेर पायऱ्यांवर वकिलीणबाई म्हणाली की कंपनीला आता यंत्राला काय काय भरवलं त्याची यादी कोर्टापुढे ठेवावी लागेल, आणि तिचा चेहरा उजळला होता. ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आता इंटरनेटवरच्या त्या पानावरची शेवटची रिकामी जागाही भरणार होती. यापुढे 'खिडकीबाहेरची मंडळी' हातात घेणाऱ्या मुलाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असणार. हे त्या बोलल्या नाहीत. पण बसमध्ये दोन थांबे आधीच उठून उभ्या राहिल्या.

घरी वहिनींनी दार उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून काय झालं ते ओळखलं. "झालं ना मनासारखं? आता तरी बसा."

ताई बसल्या. चहा घेतला. परातीत ताजं पाणी घालून आल्या आणि पुन्हा बसल्या. मग कप हातात घेऊनच म्हणाल्या, "वहिनी, मांजराला आरशात आपलं तोंड ओळखता येतं, फक्त ते तसं दाखवत नाही. हे मला कुणी सांगितलं होतं?"

वहिनींनी आपला कप खाली ठेवला.

"आणि अंधारात भांडी जास्त वाजतात, ते? आणि डाव्या कुशीवर झोपलं की लांबची स्वप्नं पडतात, ते?" ताई उठल्या. "मी सगळं वर्गात सांगितलंय. वर्षानुवर्षं. कितीतरी मुलं ते घेऊन मोठी झालीत."

"होऊ दे की. तीही शोधतील."

पण ताई तोवर खुंटीवरचा आरसा उतरवायला लागल्या होत्या. खालच्या मजल्यावर मांजर होतं.

"वन्सं," वहिनी मागून म्हणाल्या, "वेणी तरी घालू द्या मला आधी."